माय आणायला किन्नौरला

लोक हिमाचलात थंड हवा खायला जातात, डोंगर पाहतात, फोटो काढतात. मी माझी माय परत आणायला गेलो होतो. त्यामुळे या वर्णनात बर्फाच्या शिखरांबद्दल गोड बोलणं होईल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. शिखरं होती. सुंदरही होती. तेवढ्यासाठीच मला त्यांचा राग आला.

आम्ही हिंगणीचे. बोर धरणाचं पाणी आमच्या वावराला मिळतं, त्यावर वांगी, फुलकोबी आणि सांबार पिकवतो. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. माल वर्ध्याच्या बाजारात जातो. मी बी.ए. झालो, नोकरी लागली नाही, शेती लागली, आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही. माझी धाकटी बहीण नलू नागपुरात नर्सिंग शिकली. तिला शिमल्याच्या एका दवाखान्यात नोकरी मिळाली आणि तिथंच एका किन्नौरी माणसाशी तिनं लग्न केलं आणि त्याच्या गावी राहायला गेली. बाबा असेपर्यंत त्यांनी तिचं नाव घरात काढू दिलं नाही. बाबा गेले तेव्हा ती आली, रडली, परत गेली. मग एका चैत्रात पुन्हा आली आणि म्हणाली, "भाऊ, मायले उन्हायापुरती नेतो. मिरगाले आणून देतो."

मृग गेला. पेरण्या झाल्या. पोळा गेला, माय आली नाही. मी फोन केला तर नलू म्हणायची, "अजून राहू दे ना." एकदा मायच फोनवर आली, कोणत्या तरी बकरीची गोष्ट सांगू लागली आणि सांगता सांगता हसली. मी फोन ठेवला आणि ओट्यावर येऊन बसलो. बाबा गेल्यापासून माय आमच्या घरात एकदाही हसली नव्हती. ती तिकडे हजार कोस दूर, एका बकरीवर हसत होती.

गावातल्या लोकांना तर विषयच मिळाला. "काऊन गा गजू, माय पोरीच्याच घरी राह्यते वाट्टे आता? सुनेसंगं जमलं नाई काय?" माझी बायको कुसुम गिरणीवर दळण घेऊन जायची बंद झाली. "एक तर मायले घेऊन या," ती म्हणाली, "नाई तर गावाले तुमीच उत्तर देत बसा." गणपती शिरवले, म्हणजे विसर्जन झालं, आणि मी निघालो. सोबत नव्या तुरीची डाळ, सांडगे, कुरडया आणि वर्ध्याचा गोरसपाक, म्हणजे तुपातली बिस्किटं.

शिमल्याच्या पुढे

दिल्ली, कालका, शिमला हे सगळं इतरांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे. शिमल्याच्या पुढे मात्र माझ्या ओळखीतलं कोणी गेलं नव्हतं. बस सतलजच्या काठानं वर वर चढते. नदी खाली, इतकी खाली की तिचा आवाज येतो पण ती दिसत नाही. दर वळणावर माझं पोट वर यायचं. बसमधले सगळे चणे खात, गप्पा मारत होते. उलटी मी एकटाच करत होतो.

रामपूर लागलं. बुशहर नावाच्या जुन्या संस्थानाची ही राजधानी. किन्नौर याच राजाच्या ताब्यात होतं. तिबेटातून येणारी लोकर, मीठ, घोडे इथं विकले जात. थंडीच्या तोंडावर अजूनही मोठी जत्रा भरते म्हणतात. मी तिथं चहा प्यायलो आणि तो चांगला निघाला. मला तेही खटकलं.

रामपूरच्या पुढे दरड कोसळलेली होती. बस थांबली. आमच्याकडे एस.टी. थांबली की आधी कंडक्टरशी भांडण होतं, मग शासनाला शिव्या आणि मग लोक खाली उतरतात. इथं कोणी काही बोललं नाही. सगळ्यांनी सामान डोक्यावर घेतलं आणि दगडांच्या ढिगावरून चालू लागले. पलीकडे दुसरी बस उभी होती. मीही डाळीचं पोतडं खांद्यावर घेऊन निघालो, मधोमध पाय घसरला आणि पोतडं एका अणकुचीदार दगडावर फाटलं. आमची पिवळीधमक डाळ धारेसारखी सतलजकडे निघाली.

माझ्या मागून एक बाई येत होती. डोक्यावर हिरव्या पट्टीची गोल टोपी, अंगाला लोकरीची जाड शाल गुंडाळलेली. तिनं पुढे होऊन पोतड्याचं भोक मुठीत धरलं, आपली ओढणी सोडून त्यावर करकचून बांधली आणि मग विचारलं, "कहाँ जा रहे हो?"

मी म्हणालो, माझी आई बहिणीकडे आहे, तिला घ्यायला.

"सेब के सीज़न में?" ती इतक्या जोरात हसली की पुढचे दोघं वळून पाहू लागले. "नहीं आएगी."

नलूचं गाव

रेकाँगपिओला, म्हणजे किन्नौरच्या जिल्ह्याच्या गावी, नलूचा नवरा घ्यायला आला होता. लोक नुसतं पिओ म्हणतात. त्याला सगळे नेगी म्हणतात. तिकडे दर दुसरा माणूस नेगीच असतो. उंच, गोरा, कमी बोलणारा. त्यानं माझ्या पायांना हात लावला. खरं सांगतो, मी मनाशी बरंच काही तयार करून आणलं होतं. वाकलेल्या माणसाला त्यातलं काहीच ऐकवता आलं नाही.

गाव पिओच्या वर आहे. समोर दरी आणि दरीपलीकडे किन्नर कैलास, बर्फानं भरलेला, दारातून दिसतो. आमच्या दारातून शेजारच्याचा गोठा दिसतो. दगड आणि लाकडाची घरं, पाटीच्या दगडांची छपरं, त्यावर वाळत घातलेले जर्दाळू. घराच्या खाली पायऱ्या पायऱ्यांची बाग उतरत गेलेली, झाडं फळांनी इतकी लालभडक की फांद्यांना टेकू दिलेले.

आणि त्या बागेत, एका उलट्या खोक्यावर, माझी माय बसली होती. लुगड्याखाली लोकरीची विजार, वरून कोणाचा तरी कोट, पायात कॅनव्हासचे बूट. डोक्यावर हिरव्या पट्टीची टोपी. समोर सफरचंदांचा ढीग. नलूची सासू शेजारी बसून तिच्याशी किन्नौरीत बोलत होती आणि माय वऱ्हाडीत उत्तरं देत होती. दोघींचं छान चाललं होतं.

मी जवळ गेलो. वाटलं होतं, ती उठेल, तोंडावरून हात फिरवेल.

"आला काय गजू?" ती म्हणाली. "बरं झालं. मानसं कमी पडून राह्यले. हात धुऊन ये अन् हे डागी वाले तिकडं टाक."

मी हात धुऊन आलो आणि डागी सफरचंदं तिकडं टाकू लागलो.

तीन-चार दिवस मी हेच केलं. नेपाळी मजूर पाठीवरच्या टोपल्यांत फळं आणत, बायका आकारानुसार निवडत, पुठ्ठ्याच्या खोक्यात थर लावत, आणि भरलेली खोकी एका लोखंडी तारेवरून झुलत खाली रस्त्यावर जात. तिथून ट्रक थेट दिल्लीला. प्रत्येक खोक्यावर छापलेलं होतं: नेगी बाग, आणि खाली गावाचं नाव. हे वाचून मला जे झालं ते मी लपवत नाही. माझी फुलकोबी वर्ध्याच्या बाजारात जाते तेव्हा ती जुन्या पोत्यात असते आणि पोत्यावर कोणत्या तरी खताचं नाव असतं. ती खाणाऱ्या माणसाला हिंगणी नावाचं गाव आहे हे कधीच कळत नाही. दिल्लीतल्या कोणा शेटजीला मात्र नेगीचं गाव पाठ.

जळायला कारणं काही कमी नव्हती. वीज जात नव्हती. आमच्याकडे भारनियमनामुळे माणूस मोटार चालू करायला घुबडासारखा जागतो. गावापर्यंत पक्का रस्ता. पोरी शाळेचा गणवेश घालून डोंगर उतरत, गात. घरात बायका ठरवत आणि पुरुष माना डोलवत. ओगला नावाच्या डोंगरी धान्याच्या जाड भाकरी, राजमा, मीठ-लोणी घातलेला चहा. तो चहा पहिल्या घोटाला मला भाताची पेज वाटला, तिसऱ्या दिवशी मी मागून घेऊ लागलो. नलूच्या सासूनं आमचे सांडगे तळले आणि एकटीनं संपवले. माझ्या बाजूला तेवढाच एक गुण.

एकदा निवडता निवडता मी नेगीला म्हणालो, "तुमचं बरं आहे बुवा. देवानं सगळं दिलं."

त्यानं हातातलं फळ खोक्यात ठेवलं. म्हणाला, धरणासाठी डोंगरात बोगदा खणला तेव्हापासून वरचा झरा आटला आहे, वीज आली आणि पाणी गेलं. मग म्हणाला, "भाईसाब, आपके यहाँ रेल है. ज़मीन सीधी है. बीमार आदमी घंटे भर में अस्पताल पहुँचता है." एवढंच बोलून तो उठून गेला. त्याच्या बोलण्यात दुखरं काही होतं, पण तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

दोन बाप

नेगीचे वडील चुलीजवळ बसून लोकर कातत. पुरुष चाती फिरवतो हे पाहून मी आधी गालात हसलो होतो. त्यांची आणि माझी हिंदी साधारण सारखीच मोडकी, त्यामुळे जमलं.

ते सांगत: त्यांच्या लहानपणी सफरचंद नव्हतं. मेंढरांच्या पाठीवर छोट्या थैल्या बांधून गावचे लोक तिबेटात जायचे. धान्य आणि गूळ न्यायचे, मीठ आणि लोकर आणायचे. मग चीनशी युद्ध झालं आणि वाट बंद झाली. एका वर्षात सगळा धंदा बसला. "हमने सोचा, अब खाएँगे क्या." नंतर लष्करासाठी रस्ता आला, रस्त्यावरून कलमं आली, आणि ज्या उतारावर मेंढरं चरायची तिथं बागा उभ्या राहिल्या. हिमाचल स्वतंत्र राज्य झाल्यावर शाळा आल्या. "एक रास्ता बंद हुआ, तो दूसरा खुला," ते म्हणाले.

मी विचारलं, जमिनीच्या वाटण्या झाल्या नाहीत का? आमच्या आजोबांचं एक वावर होतं, आता त्याचे इतके तुकडे झाले आहेत की बैल वळवला तर चुलत्याच्या धुऱ्यावर पाय पडतो.

ते चाती थांबवून हसले. "मेरे दो बाप थे," म्हणाले. "बड़ा बाप, छोटा बाप. माँ एक."

मी चुलीकडे पाहू लागलो. ते अगदी सहज सांगत होते: पूर्वी भावा-भावांत एकच बायको असायची. एक भाऊ मेंढरं घेऊन तिबेटात, दुसरा शेतावर. पोरं सगळ्यांची, जमीन एकाच घराची. आता तसं कोणी करत नाही, पोरं शिकली. "पर खेत बच गया."

हे हिंगणीत सांगितलं असतं तर लोकांनी कानांवर हात ठेवले असते. मीही मनात ठेवलेच. पण रात्रीचं जेवण होईपर्यंत माझ्या डोळ्यांसमोरून ते न तुटलेलं वावर हलेना.

नलू

मायशी बोलायला मला एकांत मिळत नव्हता. मिळाला तेव्हा मी म्हणालो, "माय, चाल आता. लोकं बोलून राह्यले."

"येईन ना. सेब निघू दे."

"सेब निघाले की?"

"मंग राजमा काढाचा आहे."

तेव्हा मी नलूवर घसरलो. ती वरच्या वाफ्यात घास कापत होती. मी म्हणालो, "तू मायले भुलवून ठेवलं. बाबा होते तवा तुले घर आठवलं नाई, अन् आता मायले घेऊन बसली."

नलूनं विळा खाली ठेवला. ती चिडेल असं मला वाटलं होतं.

"भाऊ, मले एक पोरगी झालती," ती म्हणाली. "हिवायात. बर्फानं रस्ता बंद. मी सोता नर्स, मले समजून राह्यलं होतं काय होऊन राह्यलं ते. खाली न्यायले रस्ताच नोता. हे अन् सासरे मले पाठीवर घेऊन अर्ध्या डोंगरापर्यंत गेलते. पोरगी नाई वाचली. बाबाले कळवाचं तर बाबा फोनवर येत नोते. मायले मी ह्या उन्हायात सांगितलं. तवापासून माय मले सोडून झोपत नाई."

घासाचा हिरवा वास येत होता. समोरचा कैलास दुपारच्या उन्हात चमकत होता. मी पहिल्यांदा त्या बर्फाकडे तो किती खोल असेल या हिशेबानं पाहिलं.

मी तिच्या शेजारी बसलो आणि घासाचा भारा बांधायला लागलो. आणि तरीही, इतकं ऐकूनसुद्धा, आत कुठंतरी एक बारीक आवाज म्हणतच होता: म्हणजे आता माय हिचीच.

देवाच्या अंगणात

त्याच आठवड्यात त्यांचा फुलांचा सण होता. गावची माणसं उंच डोंगरावर जाऊन फुलं आणतात, देवाला वाहतात, टोप्यांत खोवतात. देवळाच्या अंगणात देवाची पालखी निघते. किन्नौरात देवाला सगळं विचारतात: पाऊस कधी, लग्न करावं का, रस्ता इथून न्यावा का. खांद्यावरची पालखी आपोआप पुढे झुकली तर होकार, मागे गेली तर नकार. एक माणूस असतो, त्याच्या अंगात देव येतो, तो बोलतो.

नेगीच्या वडिलांना घरातला ताण दिसत होता. ते भर अंगणात पुढे झाले आणि हात जोडून देवाला किन्नौरीत काही विचारू लागले. नलू माझ्या कानात म्हणाली, "मायनं अठी राहावं का तुयासंगं जावं, ते विचारून राह्यले."

हा देव त्यांचा. तो माझ्या बाजूनं कशाला बोलेल?

तेवढ्यात माय उठली. टोपीत फुलं खोवलेली, लुगड्याचा पदर कोटात खोचलेला.

"देवाले काऊन विचारता?" ती मोठ्यानं म्हणाली. "मले विचारा ना!"

ढोल थांबले. भाषा कोणाला कळली नसेल, पण आवाज कळला.

"बाबा होते तवा बाबानं ठरवलं," माय म्हणाली. "मंग गजूनं ठरवलं, माय आता काही काम नाई करन. वावरात आलो तं म्हने, उन्हात नको येऊ. चुलीपाशी गेलो तं सून म्हने, तुमी बसा. ओट्यावर खुर्ची आणून देल्ली. चांगले आहेत दोघं, मी नाई म्हनत नाई. पन त्या खुर्चीत बसून बसून मले दिवसभर तुया बाप दिसे, गजू. अठी हाताले काम आहे. याद अठीबी येते. पन काम करता करता येते."

नलूनं ते हिंदीत सांगितलं, नेगीनं किन्नौरीत. बायकांत कुजबुज झाली. मी भर अंगणात उभा होतो आणि सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं.

"मंग सांग," मी म्हणालो. "तूच सांग. काय करतं?"

"बर्फ पडाच्या आंधी हिंगणीले येईन. हिवाया तठी, उन्हाया अठी. अन् तठी मी पाहुनी म्हून नाई राहीन. कालव्याजवळचा वाफा माया. त्यात तू हात नाई लावाचा."

"लावीन नाई."

"सुनेले सांगजो."

त्याच क्षणी पालखी पुढे झुकली. खांदेकऱ्यांचा पाय सरकला की देव हलला, मला माहीत नाही. पण अंगणातून एकच गलका उठला, "देवता मान गए!" आणि ढोल पुन्हा सुरू झाले. नलूची सासू मायला ओढून नाचाच्या साखळीत घेऊन गेली. माझी माय, जी हिंगणीत लग्नाच्या वरातीतसुद्धा पदर दातात धरून चालायची, ती अनोळखी बायकांच्या हातात हात गुंफून हळूहळू पावलं टाकत होती. ती फार छान दिसत होती. आणि मी इतका जळत होतो की मला धड पाहवतही नव्हतं.

परत

मी एकटाच परतलो. येताना नेगीनं सफरचंदाची एक पेटी दिली. ती गावात वाटताना लोकांनी विचारलंच, "अन् माय?" मी म्हणालो, "येईन. काम आहे तिले." लोकांना ते उत्तर काही पुरलं नाही, पण कुसुम दुसऱ्या दिवसापासून गिरणीवर जाऊ लागली.

कार्तिक संपता संपता माय आली. नेगी सोडायला आला होता. वर्ध्याच्या फलाटावर उतरून तो रुळांकडे, मग सपाट क्षितिजाकडे बराच वेळ पाहत राहिला. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते माझ्या ओळखीचं होतं. मला जरा बरं वाटलं, आणि जरा लाजही वाटली.

मायनं तिचा वाफा घेतला. सांबार लावला, मेथी लावली. कुसुम तिच्यासोबत खुरपायला बसायची आणि दोघी किन्नौरच्या गोष्टी करायच्या, मी जवळ गेलो की माय म्हणायची, "तू मोटार पाह्य." एकदा संध्याकाळी ती नाल्यात घसरून पडलेल्या शेजाऱ्याच्या वासराची गोष्ट सांगत होती आणि सांगता सांगता हसली. आमच्या घरात. मी आत उभा होतो. बाहेर आलो नाही. आलो असतो तर ती थांबली असती असं वाटलं.

फाल्गुनात ऊन चढायला लागलं तशी ती गाड्यांच्या वेळा विचारू लागली. मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी वर्ध्याला गेलो. स्टेशनवर आरक्षणाच्या खिडकीत एक बाई होत्या. त्यांनी मायच्या नावानं दिल्लीपर्यंतचं तिकीट काढलं आणि वर न पाहता विचारलं, "एकट्या जाणार? अन् परतीचं? तेही आताच काढून घ्या, नंतर गर्दी असते."

माझ्या मागे लांब रांग होती. मला फार वाटलं, काढूनच घ्यावं. तारीख पक्की होईल, जवळ कागद राहील.

"नाही," मी म्हणालो. "परतीचं ती ठरवेल."